कल्याणच्या बंदरात अडलेली जहाजे

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली. तांबड्या समुद्रातून निघून आफ्रिकेच्या आणि भारताच्या किनाऱ्याला जाणाऱ्या जहाजांना कोणती बंदरे लागतात, तिथे काय खपते, काय विकत मिळते, कुठे खडक आहेत, कुठे चाचे आहेत, एवढाच तिचा विषय. व्यापाऱ्याचे नाव काळाच्या ओघात पुसले गेले. पुस्तिका मात्र ‘पेरिप्लस’ या नावाने टिकली. तिची दहाव्या शतकातली हस्तलिखित प्रत आज जर्मनीत हायडेलबर्गला आहे. या पुस्तिकेच्या ५२व्या परिच्छेदात आपले कल्याण आहे.

लेखक सांगतो ते असे. भडोचहून (त्याच्या भाषेत बारिगाझा) किनाऱ्याने दक्षिणेला आले की सोपारा आणि कल्याण लागते. थोरल्या सारागानोसच्या काळात कल्याण हे रीतसर मान्यता असलेले व्यापारी बंदर होते. पुढे ते सांदानेसच्या ताब्यात गेले आणि तिथल्या व्यापाराला फार अडथळा झाला. आता एखादे ग्रीक जहाज तिथे येऊन पडलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाते. नोंद एवढीच, दोन-तीन वाक्यांची.

मी राहतो ती नवी मुंबई ठाणे खाडीच्या पूर्व काठावर वसलेली आहे. ही खाडी उत्तरेला उल्हास नदीशी जोडलेली आहे आणि त्या नदीवर कल्याण आहे. त्यामुळे या भागात प्राचीन व्यापारावर बोलायला उभे राहिले आणि पेरिप्लसचा उल्लेख केला, की शेवटी हमखास एक प्रश्न येतो : “म्हणजे आपल्या राजांनी रोमनांना कोकणातून परतवून लावले, असेच ना?” विचारणाऱ्याला ‘हो’ ऐकायचे असते, हे त्याच्या सुरावरूनच कळते. अर्ध्या जगावर राज्य करणारे रोम, आणि त्याला उल्हासच्या मुखाशी अडवणारा कोकणचा राजा! चित्र मोहक आहे, पण पुरावा त्याला आधार देत नाही. पुरावा काय सांगतो ते नीट पाहिले तर त्या काळचे राजे, त्यांचे डावपेच आणि इथली सामान्य माणसे जास्त स्पष्ट दिसतात. म्हणून हा लेख.

रोमचे सैन्य कुठवर आले?

आधी रोमच्या बाजूने पाहू. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या ताब्यात गेला आणि तांबड्या समुद्रावरची बंदरे ऑगस्टसच्या हाती आली. पेरिप्लसमधली ‘ग्रीक’ जहाजे ही याच रोमन इजिप्तमधली. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो, की मायोस होर्मोस या एका बंदरातून त्याच्या काळी १२० जहाजे भारताकडे जात असत.

या स्ट्रॅबोचा मित्र ईलियस गॅलस हा इजिप्तचा सुभेदार होता. ऑगस्टसच्या हुकमावरून इ.स.पू. २६-२५ च्या सुमारास तो सुमारे दहा हजारांचे सैन्य घेऊन आजच्या येमेनच्या दिशेने निघाला. हेतू स्ट्रॅबोने आडपडदा न ठेवता सांगितला आहे. सुगंधी द्रव्यांच्या व्यापारावर गबर झालेले अरब एक तर मित्र व्हावेत, नाही तर अंकित. गॅलसने मार्सियाबा या शहराला सहा दिवस वेढा घातला, आणि पाणी संपत आल्याने तो मागे फिरला. स्ट्रॅबोच्या म्हणण्याप्रमाणे लढाईत त्याची फक्त सात माणसे पडली. बाकीची रोगराईने, उपासमारीने आणि चालून चालून गेली.

जमिनीवरच्या वाटेवर इराणचे पार्थियन राज्य होते. इ.स.पू. ५३ मध्ये कार्हे येथे पार्थियन सेनापती सुरेना याने घोडेस्वार धनुर्धाऱ्यांच्या बळावर क्रॅससच्या सैन्याची धूळधाण केली. प्लुटार्क वीस हजार ठार आणि दहा हजार कैद असा आकडा देतो. क्रॅसस स्वतः मारला गेला. रोमने गमावलेली गरुडचिन्हे ऑगस्टसला परत मिळाली ती इ.स.पू. २० मध्ये, तीही वाटाघाटीने. त्याच सुमारास सामोस बेटावर भारतातून आलेले वकील ऑगस्टसला भेटले. त्यांच्या सोबतच्या एका साधूने पुढे अथेन्समध्ये अग्निप्रवेश केला. तो बार्गोसाचा होता असे स्ट्रॅबो नोंदवतो, आणि हे बार्गोसा म्हणजे भडोच असे बहुतेक अभ्यासक मानतात. पार्थियनांशी तह आणि भारताशी मैत्री, दोन्ही एकाच काळातल्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवू.

रोमचा सर्वांत मोठा प्रयत्न ट्राजनचा. इ.स. ११६ मध्ये त्याने पार्थियनांची राजधानी टेसिफॉन घेतली आणि तो इराणच्या आखातापर्यंत पोचला. तिथे त्याला भारताकडे निघालेले एक जहाज दिसले. आपण तरुण असतो तर नक्की भारतात गेलो असतो, असे तो म्हणाला, असे इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो. ट्राजनने तेव्हा साठी ओलांडली होती. तो आखाताच्या काठावर असतानाच पाठीमागे जिंकलेल्या शहरांत बंडे उसळली. वाळवंटातल्या हात्रा या तटबंदीच्या शहराला त्याने ११७ मध्ये वेढा घातला. ऊन, माश्या, पाण्याची आणि चाऱ्याची टंचाई यांपुढे सैन्य टिकेना. वेढा उठला. त्याच वर्षी ट्राजन वारला आणि त्याच्यामागून आलेल्या हेड्रियनने नवे जिंकलेले प्रांत सोडून दिले. पुढे सेप्टिमियस सेव्हेरस या सम्राटालाही हात्राने दोनदा हात हलवत परत पाठवले.

समुद्राच्या बाजूला तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागातल्या फरासान बेटावर इ.स. १४४ चा एक लॅटिन शिलालेख सापडला आहे. तिथे रोमन सैन्याची तुकडी होती एवढे त्यावरून पक्के कळते. पण फरासानहून कोकणात यायचे तर बाब-एल-मांदेब ओलांडून सगळा अरबी समुद्र पार करायचा. तेव्हा रोमला पूर्वेकडे ज्यांनी खरोखर हत्यार घेऊन अडवले ते पार्थियन राजे, हात्राचे अरब, आणि येमेनचे वाळवंट. त्या यादीत कोकणचा राजा येत नाही, कारण त्याच्यावर ती वेळच आली नाही.

जकात मिळते, मग किल्ला कशाला?

रोमने समुद्रमार्गाने सैन्य का पाठवले नाही? याचे एक उत्तर व्हिएन्नात जपलेल्या एका पपायरसमध्ये आहे. दुसऱ्या शतकातला हा कागद केरळातल्या मुझिरिस बंदराच्या व्यापाराविषयी आहे. एका बाजूला कर्जाचा करार आहे, दुसऱ्या बाजूला ‘हर्मापोलोन’ नावाच्या जहाजातून आलेल्या मालाचा हिशेब. त्या एका जहाजातला माल सुमारे ७० लाख सेस्टर्स किमतीचा होता. भारतातून येणाऱ्या मालावर रोमन सरकार २५ टक्के आयातकर घेत असे. म्हणजे शंभराचा माल उतरला की पंचवीस सरकारचे. प्लिनी तक्रार करतो, की भारत दर वर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. त्याची तक्रार नैतिक होती, चैनीवर उधळपट्टी होते ही. तिजोरीला मात्र या चैनीतून चौथा हिस्सा मिळत होता, आणि त्यासाठी भारतात एक शिपाईही पाठवावा लागत नव्हता.

दुसरे उत्तर वाऱ्याचे. पेरिप्लसच्या सल्ल्याप्रमाणे भारताकडे येणारी जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत. नैर्ऋत्य मोसमी वारा त्यांना इकडे आणून सोडी. परत जायचे तर ईशान्येचा वारा सुरू होईपर्यंत, म्हणजे हिवाळ्यापर्यंत, थांबणे भाग होते. वर्षातून एकदा येता येते आणि एकदाच जाता येते, अशा वाटेवर व्यापार छान चालतो. पण सैन्याला रसद आणि कुमक अशा वाटेने पोचवता येत नाही. भारताकडे येणाऱ्या जहाजांवर धनुर्धारी असत असे प्लिनी सांगतो, पण ते चाच्यांच्या भीतीने.

भडोच विरुद्ध कल्याण

मग कल्याणात जहाजे अडवली कुणी आणि का? त्यासाठी इकडच्या राजकारणाकडे वळायला हवे. पेरिप्लस भडोचच्या राजाचे नाव मांबानोस देतो. हा क्षहरात वंशातला क्षत्रप नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिक आणि कार्ले येथील लेण्यांत आहेत आणि त्याचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरला आहे. म्हणजे सह्याद्रीचे मोक्याचे घाट त्या काळात क्षहरातांच्या हाती होते. उषवदाताने भडोच आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्या, पारदा, दमणा, डहाणुका अशा नद्यांवर मोफत नावा ठेवल्या. डहाणू, दमण ही नावे आजही ओळखीची वाटतात. नाशिकच्या लेखात तो सोन्याच्या नाण्याचा भावही देतो : ३५ कार्षापणांना एक सुवर्ण. हे सगळे पुण्यकर्म म्हणून कोरलेले आहे, पण त्यातून किनाऱ्यावरचा राबताही दिसतो.

भडोचचे बंदर मुळात अवघड. नर्मदेच्या मुखाशी वाळूचे दांडे आणि भरती-ओहोटीची भयंकर ओढ. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी लांबट नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत, प्रसंगी ओढत, भरतीच्या हिशेबाने आत आणत. ही सोय राजा स्वतःच्या खर्चाने करत होता. त्याच्यासाठी जहाजांतून काय येई त्याची यादीही पेरिप्लसमध्ये आहे : चांदीची भांडी, गाणारी मुले, जनानखान्यासाठी सुंदर मुली, उंची मद्य, तलम कापड, उत्तम उटणी. (या यादीतली माणसेही मालच समजली जात होती, हे वाचून पुढे जाता कामा नये.) ज्या राजाला ही जहाजे हवी आहेत, तो त्यांना हाकलून का देईल?

आता नकाशा समोर घ्या. पेरिप्लस म्हणतो, पैठणहून आणि तेरहून माल गाड्यांवर लादून, मोठ्या बिकट मुलखातून भडोचला येतो. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवस. पैठणचे गोमेदासारखे दगड, तेरचे जाडेभरडे आणि तलम कापड. सरळ रेषेत मोजले तर पैठणहून कल्याण साधारण २४० किलोमीटर आहे आणि भडोच ३५०. जुन्नरवरून नाणेघाट उतरला की कल्याण. त्या घाटाच्या माथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. हा सातवाहनांचा जुना, जवळचा रस्ता. तरीही पहिल्या शतकाच्या मध्यास दख्खनचा माल लांबच्या, वाईट रस्त्याने भडोचला जात होता. जवळचे दार कुणीतरी बंद केले होते, हे यावरून दिसते. ५२वा परिच्छेद तेच सांगतो.

सारागानोस म्हणजे सातकर्णी, यावर फारसा वाद नाही. सांदानेस कोण, यावर आहे. हस्तलिखितातला हा भाग खराब झालेला असल्याने नावाचे वाचनही एकसारखे होत नाही. काहींच्या मते तो पुराणांत येणारा सुंदर सातकर्णी, म्हणजे सातवाहनच. तसे असेल तर त्याच्या बंदराची नाकेबंदी नहपानाच्या नावांनी केली आणि तिथे येणारी जहाजे तेच धरून भडोचला नेत होते. दुसऱ्या मताप्रमाणे सांदानेस हा क्षत्रपांच्याच बाजूचा कुणी अधिकारी. तसे असेल तर त्याने कल्याण ताब्यात घेऊन स्वतःच बंद केले. मला या वादाचा निकाल लावायचा नाही. माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. कोणताही अर्थ घेतला तरी जहाज पोचते भडोचलाच.

हाच त्या वाक्याचा गाभा आहे. जहाज जाळले जात नाही, बुडवले जात नाही, इजिप्तला परत पाठवले जात नाही. पहारा लावून ते दुसऱ्या बंदरात नेले जाते, म्हणजे माल तिथे उतरतो, जकात तिथे भरली जाते, नजराणे तिथल्या राजाला मिळतात. आपल्या दुकानाकडे येणारे गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या दुकानात शिरू नये म्हणून हात धरून आणावे, तसा हा प्रकार. गिऱ्हाइकाशी वैर नव्हते, शेजाऱ्याशी होते.

‘शक-यवन-पल्हव’चा अर्थ

इथे जाणकार वाचक नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याची आठवण देईल. तिथे गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरवून घेतली आहे. त्यात त्याला शक, यवन आणि पल्हव यांचा नाश करणारा म्हटले आहे. यवन म्हणजे ग्रीक-रोमन, मग झाला की रोमनांचा पराभव!

पण तसे नाही. शक, यवन, पल्हव ही वायव्येकडून आलेल्या लोकांची जोडीने येणारी नावे आहेत. वायव्य भारतात ग्रीक राजे ट्राजनच्या कितीतरी आधी राज्य करून गेले होते. त्या नावांत रोमच्या सम्राटाचा किंवा त्याच्या आरमाराचा मागमूस नाही. शिवाय याच काळाच्या आसपास यवन म्हणवणारे लोक आपल्या लेण्यांत दाते म्हणून भेटतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले खांब आहेत. जुन्नरला इरिल आणि चिट या यवनांची दाने आहेत. यवन दिसला की हाकलायचा, असे धोरण असते तर हे खांब उभे राहिले नसते.

त्या प्रशस्तीत समूळ नाश केल्याचे ज्या वंशाचे नाव घेऊन सांगितले आहे, तो वंश खखरात, म्हणजे नहपानाचा क्षहरात वंश. याला नाण्यांचा भक्कम दुजोरा आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलथेंबी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती नहपानाची नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक लिपीतही मजकूर असे. त्या ग्रीक अक्षरांवर सातवाहनांची चिन्हे उमटलेली पाहिली की कोणाची कोणाशी लढाई होती हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा टॉलेमी पैठणचा राजा म्हणून सिरो प्टोलेमायोस, म्हणजे गौतमीपुत्राचा मुलगा श्री पुळुमावी, याचे नाव देतो. राज्य बदलले, आणि रोमन इजिप्तमधल्या भूगोलकाराला नव्या राजाचे नाव कळले. व्यापार तुटला असता तर ते कळले नसते.

मग आपल्या राजांनी काय केले?

काहीच केले नाही, असा अर्थ काढू नये. परदेशी जहाज कोणत्या बंदरात लागेल, त्याला वाट कोण दाखवेल, आपले सोने-चांदी तिथे कोणत्या भावाने मोडेल, हे ठरवणे भडोचच्या आणि पैठणच्या हाती होते. रोमन व्यापारी या किनाऱ्यावर आला तो इथल्या राजाच्या अटींवर आला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी याच किनाऱ्यावर जहाजांना परवाने सक्तीचे केले, तेव्हा अटी परक्याच्या झाल्या. त्याच्याशी तुलना केली म्हणजे पहिल्या शतकातला फरक कळतो.

आणि रोमच्या नावाला आपण देतो ते माप थोडे कमी करायलाही हरकत नाही. संशोधक रोबर्टा टोम्बर यांनी पश्चिम भारतातल्या मद्यकुंभांच्या खापरांची नव्याने तपासणी केली. रोमन म्हणून नोंदलेली बरीच खापरे मेसोपोटेमियातल्या, डांबर लावलेल्या उंच कुंभांची निघाली. म्हणजे ज्या पार्थियन आणि पुढे सासानी मुलखाने रोमला जमिनीवर अडवले, त्या मुलखाचाही आपल्या किनाऱ्याशी मोठा व्यापार होता. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवासी व्यापाऱ्याने कल्याणची नोंद केली आहे. तेव्हा तिथे ख्रिस्ती बिशप होता, आणि त्याची नेमणूक इराणातून होत असे.

कॉस्मसच्या नोंदीत कल्याण पुन्हा मोठे बंदर आहे. ते एका दिवसात उभे राहिलेले नाही. राजांच्या या चढाओढीत झळ पोचली ती बंदर अवलंबून असलेल्या माणसांना. नहपानाला नजराणे भडोचला मिळत राहिले. कल्याणच्या धक्क्यावर माल वाहणारा, गाडीवान, सराफ, दलाल यांची काही वर्षे कशी गेली असतील, हे कोणत्याही प्रशस्तीत लिहिलेले नाही. पण बंदर सावरल्यानंतरची त्यांची खूण कान्हेरीच्या लेण्यांत आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत कल्याणचे व्यापारी, सोनार, लोहार दाते म्हणून येतात. एका सोनाराने भिक्षूंसाठी पाण्याचे टाके दिले आहे. सांदानेस कोण होता हे दोन हजार वर्षांनी आपण अजून भांडून ठरवतो आहोत. त्या सोनाराने मात्र आपले नाव, आपला धंदा आणि आपले गाव दगडावर स्पष्ट लिहून ठेवले आहे.